उत्तमरावांच्या आठ गाड्यांचा दर

अकोला,
१२ डिसेंबर १९६३

प्रिय ताहेर,

जयभीम आणि सलाम. तुझ्या पायाचं विचारत नाही. प्लॅस्टर मांडीपर्यंत आहे आणि संक्रांतीच्या आत ते निघायचं नाही, एवढं येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळतं. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात खाट खिडकीजवळची मिळाली, हेही कळलं. तेव्हा आधी धंद्याची बातमी लिहितो. दुसरं काही लिहायला घेतलं की हात थांबतो. धंद्याचं लिहिताना थांबत नाही. सध्या असंच झालं आहे.

तर, उत्तमरावांनी त्यांच्या सगळ्या गाड्यांची धुलाई आपल्या यार्डाला द्यायचं काढलं होतं. 'आपल्या' लिहिलं, कारण तू यार्ड सोडून त्यांच्याच गाडीवर ड्रायव्हरकी धरलीस तरी पाटीवर अजून 'ताहेर देवमन मोटार धुलाई' हेच नाव आहे. जिनिंगच्या भंगारातून आणलेलं ते इंजिन तू चालू केलंस, विहिरीवर पंप बसवलास, आणि पहिल्या वर्षी आपण दोघं इस्त्रीचे शर्ट घालून याच उत्तमरावांकडे काम मागायला गेलो होतो. तेव्हा ते काय म्हणाले होते, तुला आठवत असेल. "मोर्णेले पाणी हाय तोवर मी धुलाईले पैसा काहून देऊ? नदी फुकट हाय." तेव्हापासून त्यांच्या गाड्या रविवारी नदीत उभ्या असायच्या आणि क्लीनर पोरं बादल्यांनी पाणी मारत असायची. आपल्या धर्मपालनेही, तुझ्या गाडीवर क्लीनर लागल्यापासून, ते केलं. घरी पंप असलेल्या माणसाचा भाऊ नदीत बादलीने ट्रक धुतो, म्हणून पोरं त्याला चिडवायची.

धर्मपालला मसणात नेल्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा शेषराव यार्डात आला. उत्तमरावांचा मुनीम, तुला ठाऊकच आहे, छत्री घेतल्याशिवाय हिवाळ्यातही बाहेर पडत नाही. मी यार्ड पाचव्याच दिवशी उघडलं होतं. लोकांना ते आवडलं नाही. पण घरात बसून काय करायचं ते मला कळत नव्हतं. माय भिंतीकडे तोंड करून पडलेली, सून म्हणून इंदू चूल पेटवायची आणि विझवायची, आणि येणारा प्रत्येक जण मला धरून रडायचा. माझ्या डोळ्यांना पाणीच नव्हतं, तर मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचो. मग वाटलं, इथे बसून लोकांची समजूत घालण्यापेक्षा गाड्या धुवाव्यात. शेषराव म्हणाला, "मालकानं सांगतलं, आठही गाड्यांचा भाव करून दे. महिन्याचा." मी बरं म्हटलं. आताच काहून, हे विचारलं नाही. काही विचारावं असं वाटतच नव्हतं.

एका गाडीचा भाव सांगणं सोपं असतं. जास्त गाड्यांचा सांगताना माणूस फसतो, हे आपण धामणगावच्या ऑईल मिलच्या कामात शिकलो. मालकाला वाटतं, गाड्या जास्त म्हणजे भाव कमी. पण त्या जास्त गाड्या एकाच दिवशी येतात, दुपारपर्यंत विहीर खाली जाते, आणि पाणी परत चढेपर्यंत लावलेली माणसं बिड्या ओढत बसतात. त्यांची मजुरी आपल्या अंगावर. म्हणून धुण्याचा भाव सांगायचा तसा येण्याचाही वार सांगायचा. आणि तुझं ते एक होतंच, "उभ्या गाडीले भाव नाई सांगायचा, देवमन. खाली झोप, मंग सांग." वरून गाडी कितीही घाण असली तरी धूळ आणि रुई, ती पहिल्या पाण्याने जाते. खरं काम खाली असतं. काळी माती ग्रीसला धरून वाळली की दगड होते.

मी मूर्तिजापूर रोडवरच्या त्यांच्या शेडमध्ये गेलो. गाड्या सात उभ्या होत्या. सगळ्यांखाली पोतं टाकून झोपलो. बरं वाटलं म्हणणार नाही, वाईटही वाटलं नाही. सरकी वाहणाऱ्या दोन गाड्यांना खाली तेलाचा काळा थर होता, त्यांना सोडा आणि गरम पाणी लागणार. एकीत खताची पोती फुटलेली, तिची माती लवकर सुटते पण लोखंड खाल्लेलं असतं, जोराचं पाणी मारलं तर पत्रा निघून यायचा. बाकीच्या गाठींच्या, साध्या. परत येऊन शेषरावला सांगितलं, वरून तीन रुपये, खालून-वरून पाच, सरकीच्या गाडीला सहा, आणि रविवारी दोनच गाड्या घेईन, बाकीच्या आठवड्यात वाटून पाठवा. मी जास्तच सांगितलं होतं. घासाघीस होईल आणि अर्ध्यावर येऊ, हे धरून सांगितलं होतं.

शेषराव बरं म्हणाला. पेठेत नारळ घ्यायचा तर तीन दुकानं फिरणारा माणूस, आणि त्याने एक पैसा खाली ओढला नाही. छत्रीची मूठ चोळत म्हणाला, "फक्त पहिली ती गाडी घेजो. उद्या पाठवतो. परवा-तेरवा मोटार इन्स्पेक्टर येऊन राहिले, मालकाची इच्छा हाय का सायबापुढं गाडी साफ असावी."

ती गाडी म्हणजे तुझी गाडी. तुला त्या दिवसाचं काही सांगायची मला गरज नाही. पण इकडे काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. बडनेऱ्याच्या अलीकडे नाल्याच्या उतारावर गाडी गेली, हे आम्हाला दुपारी जठारपेठेतल्या सायकलवाल्याकडून कळलं. त्याला एस.टी.च्या कंडक्टरने सांगितलं होतं. तुला आणि धर्माला एकाच टेम्पोतून अमरावतीला नेलं, धर्मा वाटेतच गेला, हे मला दवाखान्यात पोहोचल्यावर कळलं. तू बेशुद्ध होतास. मी तुझ्या खाटेजवळ उभा राहिलो होतो, नसीमबानो भाभी उशाशी बसल्या होत्या. त्यांनी मला पाहून तोंड झाकून घेतलं. मी तुझ्याकडे पाहत होतो. राग येईल असं मला वाटलं होतं. राग यायलाही आत काहीतरी लागतं, ते नव्हतं. धर्माला त्यांनी चिरफाड करून, शिवून, पांढऱ्या कापडात बांधून दिलं. देणारा म्हणाला, उघडू नका, आईला तर मुळीच दाखवू नका. त्याने चांगल्या मनानेच सांगितलं असेल. मी ऐकलं. त्यामुळे मी माझ्या भावाला पाहिलंच नाही, ताहेर. घरी आणल्यावर कापडावरूनच पाणी टाकलं, वंदना झाली आणि नेला. छप्पन साली आमचे बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी शाळेत जाऊन 'धर्मा'चं 'धर्मपाल' करून आणलं होतं, आणि तो ते नाव नव्या वहीवर दोनदोनदा लिहायचा. मृत्यूच्या दाखल्यावर दवाखान्याने नुसतं 'धर्मा' लिहिलं. मी ते बदलून घेतलं नाही. बदलून घ्यावं हे सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी साखळीने ओढत आणली. रस्त्यावर माणसं थांबली. केबिनची डावी बाजू, क्लीनरची, आत गेलेली. नाल्याचा गाळ काचांपर्यंत चढून वाळलेला. इंदू डबा घेऊन आली होती. तिने फाटकातून पाहिलं, डबा ओट्यावर ठेवला आणि पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. मी इंजिन सुरू केलं, पाइप जोडला. मग सवयीने पोतं टाकलं आणि खरवडणी घेऊन खाली झोपलो. भाव ठरलेला होता, पाहायचं काही कारण नव्हतं. तरी झोपलो.

मागच्या डाव्या चाकाजवळची ढेकळं खरवडली तेव्हा ब्रेकची नळी दिसली. हातोड्याने ठोकून चपटी केलेली, वर दुमडून परत ठोकलेली. तुला हे सांगायला नको, पण हे पत्र उद्या दुसऱ्या कोणाला वाचून दाखवावं लागलं तर त्यालाही कळावं म्हणून लिहितो. एखाद्या चाकाचं ब्रेक ऑईल गळायला लागलं आणि मालकाला नवं सामान घालायचं नसलं, की त्या चाकाची नळी ठोकून बंद करतात. मग ऑईल गळत नाही, आणि त्या चाकाला ब्रेकही लागत नाही. गाडी उरलेल्या चाकांवर थांबते. रिकामी असली तर थांबते. मी सरकत पुढे गेलो. पुढच्या उजव्या चाकाचीही नळी तशीच होती. म्हणजे रुईच्या गाठी शिगोशीग भरलेली गाडी त्या उतारावर अर्ध्या ब्रेकवर होती.

तेव्हा मला धर्माचं जेवतानाचं बोलणं आठवलं. दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला होता, "आज ताहेरभाई मालकासंगं लय भांडले. म्हणे ब्रेक करून द्या, नाई तं मी गाडी हालवत नाई. मालक म्हणे हंगाम निंगू दे, मंग पाहू." आणि हसला होता, की मालकाने दुसरा ड्रायव्हर बोलावतो म्हटल्यावर ताहेरभाई गप बसले. तेव्हा ते ड्रायव्हर-मालकाचं नेहमीचं भांडण वाटलं. तसं ते रोज कुठे ना कुठे होतंच असतं.

मी तिथेच पडून राहिलो. वर इंजिन चालू होतं, पाइपातून पाणी नुसतंच वाहत होतं. मग इंदू खाली वाकली. "काहून निंगत नाई बाहेर? पाणी वाया चाललं." मी तिला नळी दाखवली आणि ती काय असते ते सांगितलं. तिने ती बोटाने चाचपून पाहिली. मग विचारलं, "हे धुतलं तं काय होते?" मी म्हटलं, धुतलं की हे रात्रीतून नवी नळी टाकतील. चिखलाने माखलेल्या गाडीला कोरी नळी टाकली तर साहेबाला लगेच दिसते. धुतलेल्या गाडीत सारंच कोरं दिसतं. ती उठली, इंजिन बंद केलं, पंपाचा पट्टा उतरवला, त्याची गुंडाळी केली आणि पदराखाली घेऊन घरी निघून गेली. जाताना म्हणाली, "डबा खाऊन घ्या." हे सगळं तिने मला न विचारता केलं. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, मला खरंच माहीत नाही.

संध्याकाळी उत्तमराव स्वतः आले. बाकड्यावर बसले आणि पाणी मागितलं. ताहेर, आमच्या घरचं पाणी ते कधी प्यायले नव्हते. काम मागायला गेलो होतो तेव्हा तुला आत बसवलं होतं आणि मला ओट्याखाली उभं ठेवलं होतं. त्या दिवशी माझ्या हातचा पेला घेतला आणि अर्धा प्यायले. मायची चौकशी केली. पोरगं गुणी होतं म्हणाले. मग म्हणाले, "देवमन, गेलं ते काही वापस येत नाई. पण ताहेर पेलेला होता म्हणतेत. तू पोलिसात जबानी दे. सख्खा भाऊ तू, तुह्या बोलण्याले वजन हाय. गुन्हा त्यानं केला, त्यानं भोगावा."

मी म्हटलं, "तो पेत नाई."

"लोकायले काय माहीत?"

"मले माहीत हाय ना."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू सांगतला तो भाव मले मंजूर हाय. वरून आणिक दोन गाड्या घेऊन राहिलो, त्याही तुलेच देईन. धुलाई काहून थांबली?" मी सांगितलं, पट्टा नाही. ते म्हणाले, दुसरा आणून देतो. मी म्हटलं, "नको. साहेब पाहून गेले का धुतो." तेव्हा त्यांना कळलं. पेला बाकड्यावर ठेवला, उठले, धोतर झटकलं. "मंग आठ गाड्यायचं इसर." मी म्हटलं, "इसरलो." तुला वाटेल मी छाती काढून बोललो. तसं नव्हतं. पट्टा घरी होता, एवढंच. मोठं काही केलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. फक्त महिन्याच्या त्या कामातून इंदूला शिवणयंत्र घ्यायचं मी शेडमधून परत येताना मनात धरलं होतं, ते जाताना जाणवलं.

सकाळी शेषराव दुसरी गाडी आणि साखळी घेऊन हजर. मालकाची गाडी मालक नेतो, त्याला मी काय म्हणणार? फाटक लावून उभा होतो, पण त्याच्याबरोबर चार माणसं होती. तेवढ्यात माय आली. आठदहा दिवस जी भिंतीकडून वळली नव्हती, ती जठारपेठेतून एकटी चालत आली होती. इंदूने तिला सांगितलं असणार. माझ्याकडे पाहिलं नाही, शेषरावकडे पाहिलं नाही. ओच्यात तुरीच्या शेंगा होत्या. ती गाडीच्या पुढच्या चाकाला पाठ लावून खाली बसली आणि शेंगा सोलायला लागली. शेषराव म्हणाला, "केशरबाई, उठा, गाडी न्यायची हाय." माय म्हणाली, "ने." एवढंच, आणि पुढची शेंग सोलायला घेतली. तो छत्रीचं टोक जमिनीत खुपसत उभा राहिला. साखळी आणणारी माणसं एकमेकांकडे पाहत होती. त्यांच्यातला एक खाली बसला आणि मायच्या पदरातल्या शेंगा सोलू लागला, तेव्हा शेषराव निघून गेला.

माय इन्स्पेक्टर येईपर्यंत तिथेच होती. इंदूने तिथेच भाकरी आणून दिली. रात्री मी आणि इंदू बाजूला घोंगडी टाकून बसलो, पण कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जीपमधून साहेब आले. तरुण माणूस, बोलणं पुण्याकडचं. मायला नमस्कार केला, कोट काढून माझ्या पोत्यावर झोपला आणि खाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आल्यावर मला विचारलं, गाडीला कोणी हात लावला का. मी म्हटलं, एवढी माती मी खरवडली, बाकी जशी आली तशी आहे. त्यांनी रस्त्यावरची दोन माणसं पंच म्हणून बोलावली, त्यांना खाली नेऊन दोन्ही नळ्या दाखवल्या आणि लिहून घेतलं. मीही सही केली. जाताना एक गोष्ट बोलले ती लक्षात ठेव, तिच्यासाठीच एवढं लांबण लावलं. म्हणाले, "माझ्याकडून झालं. पण ब्रेक ठीक होते, झोप लागली, असं ड्रायव्हरनेच लिहून दिलं, तर मालकाचा वकील माझा कागद बाजूला सारेल. नळ्या अपघातानंतर कोणी ठोकल्या, असं म्हणेल."

ते गेल्यावर इंदूने पट्टा आणून दिला. मी गाडी धुतली. कोणी सांगितलं नव्हतं. आधी केबिन, मग बाजू, मग खाली. काळं पाणी गेलं, मग गढूळ, मग साधं. डाव्या बाजूचा आत गेलेला पत्रा हाताने धुतला, तिथे पाइपचा जोर लावला नाही. धर्माचं काही सापडेल असं वाटलं होतं, चप्पल, कंगवा, तो खिशात ठेवायचा ती ड्रायव्हिंगच्या नियमांची पुस्तिका. काही नव्हतं. पोलिसांनी आधीच सगळं काढून नेलं होतं. धुताना रडू येईल असंही वाटलं होतं. नाही आलं. हात मात्र हलके चालत होते, एवढं जाणवलं. माय पाहत होती. विहिरीचं पाणी खाली गेलं तेव्हा थांबलो, चढल्यावर परत धुतली. दिवेलागणीला शेषराव गाडी न्यायला आला आणि खाली मान घालून विचारलं, हिचे किती झाले. मी म्हटलं, हिचा भाव मी केला नव्हता. त्याने काढलेलं पाकीट परत खिशात घातलं आणि गाडी ओढून घेऊन गेला. रविवारी उत्तमरावांच्या बाकीच्या गाड्या परत मोर्णेत उभ्या दिसल्या.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. आज दुपारी नसीमबानो भाभी एकट्या गाडीने आल्या. मायपुढे बसल्या आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा आमच्याशी बोलल्या. उत्तमरावांचा माणूस दवाखान्यात कागद घेऊन आला होता, ब्रेक ठीक होते, माझा डोळा लागला, असं त्यात लिहिलेलं. दवाखान्याचा खर्च आणि तू आत असेपर्यंत घरचं धान्य मालक बघतील, असं तो तोंडी म्हणाला. आणि तू पैशासाठी नाही, तर स्वतःहून सही करतो म्हणालास. शनिवारी तो परत येणार आहे. भाभींनी तुझे शब्द तसेच सांगितले, "केशरमायनं पोरगा माह्या हवाली केला होता. मी भांडलो, मंग नोकरीच्या भीतीनं गप बसलो, गाडी काढली. मले जेलातच जाऊ दे." त्यावर माय बोलली, आणि मला म्हणाली की जसं आहे तसं लिव्ह. म्हणून लिहितो. "त्याले म्हणा, भांडला तो एकटा तूच होता, बाकी आमी सारे गपच होतो. एक पोरगं माह्या हातून गेलं. दुसरं मी माह्या हातानं जेलात देत नाई. नळ्या त्यानं ठोकल्या नाई, मंग सही त्यानं काहून करावी?" मग ती उठली आणि भाभींसाठी भाकरी टाकायला चुलीपुढे बसली. धर्मा गेल्यापासून तिने भाकरी टाकली नव्हती. भाभी रात्रभर राहून उद्या सकाळच्या पॅसेंजरने निघतील आणि हे पत्र तुझ्या हातात देतील. मी शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने येतो आणि तो माणूस येऊन जाईपर्यंत तुझ्या खाटेजवळ बसतो. मला अजून काही वाटत नाही, ताहेर. कधी वाटेल, माहीत नाही. पण ते वाटेल तेव्हा तू जेलात असलास तर मी कोणापाशी बसू? सही करू नकोस.

तुझाच,
देवमन